रिकाम्या बाटलीची परतीची वाट

रोम शहराच्या दक्षिण भागात, टायबर नदीच्या जुन्या धक्क्यापासून जवळच, मोन्ते तेस्ताच्चो नावाची एक टेकडी आहे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी निसर्गाने घडवलेली नाही. ती फुटक्या मडक्यांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत दक्षिण स्पेनमधून आणि उत्तर आफ्रिकेतून रोमला जहाजांनी ऑलिव्हचे तेल येत असे. दोन कानांच्या मोठाल्या मातीच्या कुंभांत ते भरलेले असे. तेल काढून घेतले की कुंभ रिकामा होई. परंतु मातीत मुरलेले तेल खवट होत असल्यामुळे तो पुन्हा वापरता येत नसे आणि समुद्रापार परत धाडणे परवडत नसे. तेव्हा तो फोडून त्याच्या खापऱ्या पद्धतशीर रचल्या जात. दुर्गंधी दबावी म्हणून त्यांवर चुना पसरला जाई. या टेकडीत पाच कोटींहून अधिक कुंभांचे तुकडे असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

साम्राज्य गेले, त्याचे सम्राट गेले, ते तेल खाणारी माणसे गेली. तेलाचे वेष्टन मात्र अठरा शतकांनंतरही जागच्या जागी उभे आहे. आज आपल्या गावांच्या वेशीवर जे ढीग साचत आहेत, त्यांचा हा पूर्वज म्हणावा लागेल. फरक एवढाच, की रोमकरांची टेकडी मातीची होती. त्यामुळे तिच्यावर गवत उगवले.

वेष्टनाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांना पुस्तकांत जागा मिळते. माणसाने आपले तेल, मीठ, दूध कशात बांधून घरी नेले याला मिळत नाही. अलीकडे मात्र वस्तूंची वेष्टने नव्याने घडवावीत, ती निसर्गाला पेलतील अशी असावीत, असा विचार जगभर होऊ लागला आहे. कारखान्यांत त्यासाठी प्रयोग चालले आहेत, सरकारे कायदे करीत आहेत. या प्रयत्नांकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वेष्टन कशाचे बनले आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण रिकामे झाल्यावर ते कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हाती परत जाणार, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. ही वाट जिथे शाबूत राहिली, तिथे काचेसारखी जड वस्तूही निसर्गाला भार झाली नाही. ती जिथे तुटली, तिथे दोन ग्रॅमची पिशवीही डोईजड झाली. हेच आम्ही येथे काही उदाहरणांनी मांडू इच्छितो.

पान, पुडी आणि बरणी

आपल्याकडे जुन्या काळी वेष्टनाच्या दोन रीती होत्या. एक रीत पानाची. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण, केळीच्या पानात बांधलेली फुले, कर्दळीच्या पानातला गजरा, बांबूच्या टोपल्या आणि करंड्या हे सारे मातीतून आलेले आणि मातीत जाणारे होते. वसईकडच्या वाचकांना आगाशीची सुकेळी ठाऊक असतील. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. म्हणजे फळ ज्या झाडाचे, वेष्टनही त्याच झाडाचे. असे वेष्टन टाकले तरी ते कचरा होत नाही. गुरे खातात, नाहीतर पावसाळ्यात कुजून त्याचे खत होते.

दुसरी रीत भांड्याची. तेल आणायला घरून बरणी न्यायची, रॉकेलला कॅन न्यायचा, दुधाला किटली आणि दळणाला डबा. धान्याचे गोणपाट पुन्हा पुन्हा वापरायचे आणि फाटले की पायपुसणे करायचे. वाणी साखर, चहा, डाळ रद्दी कागदाच्या पुडीत बांधून देई. त्या पुडीचा दोरासुद्धा घरातल्या रिळाला गुंडाळला जाई. या रीतीत वेष्टन गिऱ्हाइकाच्या मालकीचे असे, आणि जे आपले असते ते कोणी रस्त्यावर फेकत नाही.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. सुट्या तेलात भेसळ सहज होई. उघड्या पिठात किडे होत. दुधात पाणी मिसळण्याची कला तर लोकोक्तींतूनच जाऊन बसली आहे. रद्दीच्या पुडीवरची शाई अन्नाला लागे. शिवाय ही व्यवस्था आखूड अंतरासाठी होती. गावातला माल गावात खपे, तोवर ती पुरेशी ठरली. अंतर वाढले आणि काळ लांबला, तेव्हा वेगळे वेष्टन आवश्यक झाले.

डबा आणि गोटीची बाटली

अंतर आणि काळ या दोहोंवर मात करणारे पहिले आधुनिक वेष्टन युद्धातून जन्मले. दूरवरच्या मोहिमांत फ्रेंच सैन्याला टिकाऊ अन्न हवे होते. निकोला आपेर या मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बरणीत भरून, बूच घट्ट बसवून, ती बरणी उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. १८१० साली त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने काचेऐवजी कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे एकस्व घेतले. गंमत अशी, की डबा आला तरी तो उघडण्याचे साधन यायला आणखी सुमारे ४५ वर्षे लागली. तोवर सैनिक छिन्नी-हातोड्याने डबे फोडीत. वस्तू आत सुरक्षित राहिली की वेष्टन करणाऱ्याचे कर्तव्य संपले, ही समजूत तेव्हापासूनची आहे. वेष्टन उघडायचे कसे आणि टाकायचे कुठे, ही चिंता वापरणाऱ्यावर सोपवण्यात आली.

त्याच शतकात वेगळ्या वृत्तीचेही एक वेष्टन घडले. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने सोड्याची एक बाटली तयार केली. तिच्या मानेत काचेची गोटी असते. आतला वायू त्या गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो आणि बाटली आपोआप बंद राहते. गोटी आत ढकलली की सोडा फसफसून वर येतो. बूच नाही, झाकण नाही, सुटून हरवणारा एकही भाग नाही. प्यायल्यावर बाटली दुकानातच राहते आणि धुऊन पुन्हा भरली जाते. इंग्लंडमधून ही बाटली केव्हाच हद्दपार झाली. आपल्याकडे मात्र गोटी सोडा अजून मिळतो. त्याचे टिकून राहणे केवळ आठवणींच्या हौसेपोटी नाही. बाटली दुकानदाराची, पेय गिऱ्हाइकाचे, हा साधा व्यवहार त्यामागे आहे.

मुंबईच्या जेवणाच्या डब्याकडेही याच दृष्टीने पाहता येईल. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या कामाचे कौतुक त्यांच्या अचूकतेसाठी जगभर होते. आम्हांला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तो डबा दुपारी जातो आणि संध्याकाळपर्यंत घरी परततो. रिकामा डबा परत आणणे हे त्या सेवेचे अर्धे काम आहे, आणि त्याची मजुरी पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेली आहे.

आरेची बाटली

मुंबईच्या दुधाची कथा या संदर्भात सविस्तर सांगण्याजोगी आहे. एकेकाळी शहराच्या दाट वस्तीतच म्हशींचे तबेले होते. घाण, रोगराई आणि भेसळ यांमुळे ते शहराबाहेर नेण्याचा निर्णय झाला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावजवळ आरे वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जागेत सोळा हजारांच्या आसपास जनावरांची सोय करण्यात आली. तेथील मध्यवर्ती दुग्धशाळेचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे १९६३ साली खुरोडींना, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह, मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरेचे दूध काचेच्या बाटलीत येत असे. तोंडावर पातळ ॲल्युमिनियमचे झाकण असे. पहाटे दूध केंद्रासमोर रांग लागे. हातात कार्ड आणि पिशवीत कालच्या धुतलेल्या बाटल्या. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. आमच्या पिढीतील मुंबईकरांना त्या बाटल्यांचा किणकिणाट आठवत असेल. बाटली फुटली तर घरात मुलाला बोलणी बसत, कारण नवी बाटली फुकट मिळत नसे. ॲल्युमिनियमची झाकणेसुद्धा मुले जमवीत आणि त्यांच्या माळा करीत.

या व्यवस्थेतील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. परतीसाठी वेगळी फेरी, वेगळे केंद्र किंवा वेगळा कामगार नव्हता. जी गाडी भरलेल्या बाटल्या आणी, तीच रिकाम्या घेऊन जाई. जी मुलगी दूध देई, तीच बाटली मोजून घेई. अनामत रकमेची फार चर्चा करावी लागत नसे, कारण रिकामी बाटली हेच चलन होते. ती नसेल तर त्या दिवशी दूधच अडे. पर्यावरण हा शब्द त्या काळी सामान्य घरांत कोणी उच्चारीत नव्हते. तरीही तेच वेष्टन पुन्हा पुन्हा घरोघर फिरे.

मग ही बाटली गेली का? तिच्या जाण्याचा दोष केवळ चैनीला किंवा आळसाला देणे अन्यायाचे होईल. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीचे वजन काही शे ग्रॅम भरते. म्हणजे गाडी दुधाइतकीच काच वाहून नेई. बाटल्या फुटत. त्या धुण्यासाठी गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि त्यानंतर पुन्हा स्वच्छ पाणी लागे. धुलाईत हयगय झाली तर दूध नासे. शहर वाढत गेले, उपनगरे विरार आणि कल्याणपर्यंत पसरली आणि हा भार पेलणे कठीण झाले. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेने दुधाचे प्रमाण वाढवले. वाढलेले दूध घरोघर पोहोचवायला हलके, स्वस्त आणि जागेवरच तयार होणारे वेष्टन हवे होते.

पिशवी आली

असे वेष्टन रसायनशास्त्राने आधीच तयार ठेवले होते. १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना एका फसलेल्या प्रयोगातून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर ते घरगुती वस्तूंकडे वळले. १९६५ साली स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याच्या रचनेनुसार बंदांची प्लॅस्टिक पिशवी आली. दुधासाठी तर यंत्रच असे निघाले, की एका बाजूने पॉलिथिनचा गुंडाळा आत जातो, त्याची नळी बनते, तीत दूध भरते, तोंड गरम पट्टीने चिकटते आणि दुसऱ्या बाजूने पिशवी बाहेर पडते. अर्धा लिटर दुधाला दोन-तीन ग्रॅमचे वेष्टन पुरले. धुणे नाही, फुटणे नाही, रिकामे परत नेणे नाही.

या पिशवीने दूध गरिबांच्या वस्त्यांपर्यंत नेले, त्यातील भेसळीला मोठा आळा घातला आणि शेतकऱ्याचे दूध वाया जाण्यापासून वाचवले. हे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु ‘रिकामे परत नेणे नाही’ या सोयीतच पुढच्या संकटाचे बीज होते. बाटलीबरोबर परतीची वाटही मोडीत निघाली.

हे अटळ होते काय? दिल्लीतील एका प्रयोगाकडे पाहिले तर तसे वाटत नाही. १९७४ साली तेथे मदर डेअरी सुरू झाली. तिने चौकाचौकांत थंड टाक्या बसवल्या. गिऱ्हाइकाने टोकन टाकायचे आणि यंत्रातून आपल्या भांड्यात दूध घ्यायचे. स्वच्छता आधुनिक, भांडे घरचे आणि वेष्टन शून्य. हीसुद्धा वेष्टनाची नवी रचनाच होती. तिने वेष्टन काढूनच टाकले. पुढे तेथेही पिशव्या आल्या, पण टोकनचे दूध बंद पडले नाही. २०१९ मध्ये त्या संस्थेने प्लॅस्टिक वाचावे म्हणून सुटे दूध पिशवीतील दुधापेक्षा स्वस्त देऊन लोकांना पुन्हा त्या टाक्यांकडे वळवण्याचा प्रयत्न केला.

दुधाच्या पिशवीपेक्षा अवघड प्रकरण छोट्या पुड्यांचे आहे. १९८३ मध्ये तमिळनाडूतील सी. के. रंगनाथन यांनी पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर शाम्पूच्या लहान पुड्यांचा धंदा सुरू केला. बाटली परवडत नव्हती अशा लाखो घरांना एका न्हाण्यापुरता शाम्पू मिळू लागला. मग तेल, कॉफी, लोणचे, साबण असे सारे पुड्यांत आले. दुधाची पिशवी पॉलिथिनचीच असते. ती धुऊन दिली तर रद्दीवाला घेतो, कारण ती वितळवून तिच्यापासून दुसरी वस्तू करता येते. या पुडीत मात्र अनेकदा निरनिराळ्या प्लॅस्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कचरा वेचणारी बाई बाटली उचलते, पत्रा उचलते, पुठ्ठा उचलते आणि पुडी तिथेच सोडते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्या नावातच कोणत्या वस्तूंना परतीची वाट होती याची नोंद आहे. परतीची तुटलेली वाट एवढी वर्षे ज्यांनी आपल्या पाठीवर सांभाळली, त्या या बायका. आरेच्या गाडीचे काम त्यांच्या गळ्यात पडले. पगार मात्र पडला नाही.

सुटणारा तुकडा

परदेशांत वेष्टनाच्या पुनर्रचनेचा इतिहास एका चिमुकल्या वस्तूने उत्तम सांगता येतो. शीतपेयाचा किंवा बीअरचा डबा उघडायला पूर्वी वेगळे हत्यार लागे. अमेरिकेतील अर्मल फ्रेझ याने १९५९ च्या सुमारास डब्यालाच ओढायची चकती बसवण्याची कल्पना काढली आणि ती १९६० च्या दशकात सर्वत्र पसरली. चकती ओढली की पत्र्याच्या तुकड्यासह सुटून हातात येई आणि तिथेच टाकली जाई. समुद्रकिनारे, बागा, मैदाने धारदार चकत्यांनी भरली. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापू लागले. १९७१ साली ओरेगन राज्याने कायदा केला. त्यात बाटल्या व डबे परत करणाऱ्याला अनामत परत मिळावी अशी तरतूद होती आणि सुटणाऱ्या चकत्यांवर बंदीही होती. १९७५ मध्ये डॅनियल कडझिक याच्या रचनेची चकती आली. ती डबा उघडते, पण डब्यालाच चिकटून राहते. आज जगभर तीच वापरात आहे. जो डबा परत जातो त्याच्याबरोबर चकतीही जाते.

एवढ्याशा बदलाने केवढे काम झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी नवा पदार्थ शोधावा लागला नाही आणि लोकांना उपदेश करावा लागला नाही. तुकडा सुटूच नये अशी व्यवस्था केली, एवढेच. युरोपीय संघाने २०१९ साली असाच नियम प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठी केला आणि जुलै २०२४ पासून तेथील पेयांच्या बाटल्यांची झाकणे बाटलीलाच जोडलेली असणे बंधनकारक झाले. गोटीच्या बाटलीने जे दीडशे वर्षांपूर्वी साधले होते, तेथेच हे वळण पुन्हा पोहोचले.

याच काळात वेष्टनाचा हिशेब मांडण्याचेही एक शास्त्र तयार झाले. १९६९ साली कोका-कोला कंपनीने एका अमेरिकन संशोधनसंस्थेकडून निरनिराळ्या पात्रांचा, कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा, हिशेब करवून घेतला. त्याच संस्थेने १९७४ मध्ये अमेरिकी सरकारसाठी पेयांच्या नऊ प्रकारच्या पात्रांची तुलना केली. दहा फेऱ्या करणारी काचेची बाटली त्यांत सर्वांत उजवी ठरली. येथे ‘दहा फेऱ्या’ हे शब्द अधोरेखित करावेत असे आहेत. तीच बाटली एकदाच वापरून फेकली, तर तिच्याइतके उधळे वेष्टन दुसरे नाही. कारण काच वितळवायला प्रचंड उष्णता लागते. बाटलीचा सद्गुण काचेत नसून तिच्या फेऱ्यांत आहे.

जर्मनीने १९९१ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते परत घेण्याची जबाबदारी उचलावी, असा नियम तेथे झाला. गिऱ्हाइकांना वरचे अनावश्यक खोके दुकानातच सोडून जाण्याची मुभा मिळाली. खर्च स्वतःच्या अंगावर येताच अनेक उत्पादकांना खोक्याच्या आतले खोके अनावश्यक असल्याचा साक्षात्कार झाला. २००३ पासून तेथे एकदाच वापरायच्या पेयपात्रांवरही अनामत लागू झाली. वेष्टन कसे असावे हे कागदावर ठरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर ते रिकामे होऊन परत आले, म्हणजे त्याची लेखणी आपोआप शहाणी होते.

पन्नास पैशांची गोष्ट

आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाची जाग पाण्याने आणली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीवरील अतिक्रमणे, भराव, जुनी गटारे अशी त्याची अनेक कारणे होती. त्यांत गटारांत तुंबलेल्या प्लॅस्टिक पिशव्याही होत्या. पुढल्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. तिचे पालन किती झाले, हे प्रत्येक बाजारपेठेने पाहिले आहे.

मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर व्यापक बंदी आणली. जूनमध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. दुधाच्या पिशवीवर सरसकट बंदी घालणे शक्य नव्हते. म्हणून तिच्यासाठी एक अट घालण्यात आली. पिशवी ५० मायक्रॉनहून जाड असावी, तिच्यावर परतीची किंमत छापावी आणि ती किमान ५० पैसे असावी. रिकामी पिशवी परत करणाऱ्याला तेवढे पैसे मिळावेत. आरेच्या बाटलीची परतीची वाट कायद्याने पुन्हा आखण्याचाच हा प्रयत्न होता, आणि म्हणून आम्ही त्याला महत्त्व देतो.

तो रुजला नाही. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू असले तरी बाजारात कोणी घेत नाही. ज्या नाण्याला भिकारीही हात लावीत नाही, त्याच्यासाठी कोण पिशवी धुऊन, वाळवून, दुकानात नेऊन देणार? दुकानदाराने आंबूस वासाच्या पिशव्या कुठे साठवायच्या? पहाटे दूध टाकणाऱ्या पोराने त्या का गोळा कराव्यात? आरेच्या व्यवस्थेत परतीचा प्रवास हा विक्रीचाच भाग होता. येथे तो विक्रीला मागाहून जोडलेले शेपूट ठरला. वाट कागदावर होती. तिच्यावर चालणाऱ्याची मजुरी कोणी ठरवली नव्हती.

रेल्वेतील कुल्हडाची गोष्टही अशीच आहे. २००४ साली स्थानकांवर प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी मातीच्या कुल्हडांतून चहा देण्याचे ठरले. हेतू उत्तम होता. कुंभारांना कामही मिळणार होते. परंतु कोट्यवधी प्रवाशांना पुरतील इतके कुल्हड घडवणे, भाजणे आणि न फुटता पोहोचवणे या साखळीची घडी बसली नाही. बहुतेक ठिकाणी अखेर कागदी पेला आला. त्यालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षी वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करण्याची आणि पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी टाकणारे तपशीलवार नियमही आले. जर्मनीने तीस वर्षांपूर्वी धरलेला मार्ग आता आपल्याकडेही आहे. तो कागदावरून गल्लीबोळांत किती उतरतो, यावर पुढचा इतिहास अवलंबून राहील.

हिशेब

एवढ्या दीर्घ प्रवासातून हाती काय लागते? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, वेष्टन शक्यतो एकाच पदार्थाचे असावे. पापुद्र्यांची चिकटवाचिकटवी झाली की त्याला दुसरा जन्म मिळत नाही. दुसरी, त्याचा कोणताही तुकडा सुटू नये. आपण रोज सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकतो. तो एवढासा तुकडा कोणी वेचत नाही. तो गटारात जातो. कोपरा पूर्ण न कापता थोडा जोडलेला ठेवला, तर कडझिकची चकती आपल्या स्वयंपाकघरात आली असे समजावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, परतीचा खर्च आणि परतीची मजुरी वस्तूच्या किमतीतच असावी. मागाहून दंड करून किंवा भाषणे देऊन ती वाट तयार होत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी लिहिले. प्लॅस्टिक आणि कागद यांचा वापर टाळणे, कचरा वेगळा करणे अशा अगदी लहान घरगुती कृतींचाही त्यात उल्लेख आहे. वस्तू सहज फेकण्याची सवय माणसे सहज फेकण्यापर्यंत जाते, अशी त्यांना धास्ती होती. कचऱ्याच्या ढिगात वाकून पुड्या चिवडणारी स्त्री पाहिली, की ती धास्ती अनाठायी नव्हती हे पटते. तिच्या हाताला लागणारी घाण आपल्या घरातून गेलेली असते.

आमच्या धर्मग्रामांतून सण-समारंभांना पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोकेच्या खोके येतात. सण सरला की मैदानावर त्या अर्ध्या भरलेल्या पडलेल्या दिसतात. गावाच्या सार्वजनिक भांडारात एकेकाळी स्टीलचे पेले आणि ताटे असत. लग्न कोणाचेही असो, ती मोजून दिली जात आणि मोजून घेतली जात. ती वही सांभाळणारा एक माणूस असे. पेले अजून बऱ्याच ठिकाणी कपाटात आहेत. वही सांभाळणारा माणूस नाही. तेव्हा पुढच्या सणाच्या तयारीच्या सभेत मांडवाचा आणि बँडचा विषय निघेल, त्याच वेळी पेले धुणाऱ्या दोन बायकांच्या मजुरीचा आणि वही धरणाऱ्या एका तरुणाचा विषयही निघावा. खर्चाच्या यादीत ती ओळ लिहिली गेली, तर बाकीचे आपोआप जमेल.